हिरव्या बांगडीचा उरलेला तुकडा

कामगारांच्या फाटकातून आत गेलं की डाव्या भिंतीवर एक लांब फळी होती. फळीवर खुंट्यांच्या तीन ओळी, प्रत्येक खुंटीखाली खडूने लिहिलेलं एक नाव. सकाळी पावणेआठला खुंट्या रिकाम्या असत. सव्वाआठला त्यांच्यावर काचेच्या बांगड्या असत: हिरव्या, लाल, चॉकलेटी, काही सोनेरी टिकल्यांच्या. संध्याकाळी पाचनंतर खुंट्या पुन्हा रिकाम्या होत. मधल्या वेळात आत पन्नासेक बायका पट्ट्यावरून सरकणारे पेरू निवडत. त्यांच्यापैकी एकीच्याही हातात काच नसे.

ही व्यवस्था जैबुन मणियार यांची. कारखान्यात सगळे त्यांना आपा म्हणत. कागदावर त्यांच्या पदाचं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं, ते त्यांनी कधी उच्चारलेलं मी ऐकलं नाही. काम काय करता असं कुणी विचारलं तर त्या सांगत, "पेरूत पेरू सोडून जे काय असंल, ते माझं."

राहात्याच्या आसपास पेरूच्या बागा आहेत. हंगामात तो माल या कारखान्यात येई. धुऊन, निवडून त्याचा गर काढायचा, चाळायचा, तापवायचा आणि पिंपात भरून बाहेरगावी पाठवायचा. गर सरबतवाले घेत, जॅमवाले घेत, आणि एक गिऱ्हाईक लहान मुलांचं खाणं तयार करणारं होतं. पेरूबरोबर क्रेटमधून खिळे येत. सुतळी, खडे, काड्या, विडीची थोटकं येत. शेतकरी फळाला डाग पडू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून माल पाठवत, त्यामुळे ओल्या कागदाचे कपटे फळाला चिकटून येत. मी त्याआधी एका दैनिकाच्या तालुका कचेरीत होतो. ती कचेरी बंद झाली आणि मला इथे तपासणीची रेकॉर्ड लिहिण्याची नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी ओळख करून दिल्यावर आपा म्हणाल्या, "म्हंजी पेपरवाले. तुमचं लिखान वळखते मी. रोज पट्ट्यावरून उचलून टाकते."

पुढची सहा वर्षं त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

उंची बेताची, अंगावर कायम फिकट साडी, डोक्यावर पदर आणि पदरावर कारखान्याची निळी टोपी. टोप्या, हातमोजे, बाह्या, जखमेवर लावायची पट्टी, सगळं निळं. आधी पांढरं होतं. पांढऱ्या पेरूच्या गरात पांढरा मोजा दिसत नाही, हे त्यांनी एकदा कपाटातला मोजा फाडून, गराच्या घमेल्यात कालवून व्यवस्थापक गाडेकर साहेबांना दाखवलं होतं. "शोधा," असं म्हणून घमेलं टेबलावर ठेवलं. साहेबांना तो सापडायला बराच वेळ लागला. दुसऱ्या आठवड्यात निळा माल आला.

पिना त्या मोजून आत सोडत आणि मोजून बाहेर. टोपणाचं पेन आत चालत नसे. दर तासाला त्या गराच्या पाइपवरच्या, धातू पकडणाऱ्या डिटेक्टरपाशी जात. लोखंडाचा, पितळेचा आणि स्टीलचा बारीक मणी बसवलेल्या तीन कांड्या त्यांच्याजवळ असत, त्या एकामागून एक यंत्रात घालून बघत. तिन्ही वेळा यंत्र ओरडलं की पुढे जात. डिटेक्टर नवा होता आणि गाडेकर साहेबांना त्याचा अभिमान होता. आपांचं मत वेगळं होतं.

"त्याला लोखंड कळतं," त्या म्हणत. "काच कळत न्हाई, लाकूड कळत न्हाई, सुतळी कळत न्हाई. आंधळं न्हाई ते, पण एका डोळ्याचं हाय. दुसरा डोळा मी."

आपांचं घराणं मणियारांचं. बांगड्या भरण्याचा धंदा आजीपासून. लग्नानंतर नवऱ्याबरोबर त्या आठवडी बाजार करत. नवरा गेल्यावर एकटीने पेटी घेऊन फिरत, आणि गुडघे बोलायला लागल्यावर कारखान्यात निवडीला लागल्या. आयुष्यभर ज्या बाईने बायकांच्या हातांत काच चढवली, तिच्याकडे काच उतरवण्याचं काम आलं. यातली गंमत त्यांच्या लक्षात आली नसेल असं नाही. कुणी बोलून दाखवली तर मात्र त्या पुढच्या कामाला लागत.

फळीची सुरुवात मी येण्याआधीची. ती हकिकत मला आपा आणि निवडीवरच्या हौसाबाई या दोघींनी वेगवेगळी सांगितली. जे दोन्हींत समान आहे तेवढंच इथे देतो. बांगड्या घालून आत यायचं नाही असा फलक लागला, तेव्हा बायका फाटकाबाहेर बसून राहिल्या. त्यांच्या पुढे होत्या हौसाबाई. चाळिशी ओलांडलेल्या, चार एकरांच्या मालकीण, आवाज मोठा. नवरा जिवंत असताना मोकळ्या हाताने दिवस काढायचा, हे त्यांना मान्य नव्हतं. साहेबांनी चिकटपट्टी गुंडाळण्याची तडजोड सुचवली. आपा म्हणाल्या, पट्टी सुटली की पट्टी पण पेरूत. मग त्या हौसाबाईंसमोर जमिनीवर बसल्या.

"हौसाबाई, नवा चुडा भरायला बसतीस तवा जुना उतरवतीस का न्हाई?"

"उतरवते की."

"मधी हात मोकळा ऱ्हातो?"

"ऱ्हातो घटकाभर. पन मणियारणीसमोर ऱ्हातो. त्याला दोष न्हाई."

"मग मी कोन हाय?"

हौसाबाईंनी स्वतःच्या चुड्याकडे बघितलं.

"सकाळी मी उतरवीन, सांजच्याला मीच भरीन. मधली घटका जरा लांबली म्हन. चुडा माझ्या म्होरं खुंटीवर ऱ्हाईल."

हौसाबाईंनी हात पुढे केला. आपांनी अंगठ्याखालचा सांधा दाबला आणि सात बांगड्या एका झटक्यात, एकही न तडकता, बाहेर काढल्या. बाकीच्या बायका रांगेत उभ्या राहिल्या. दोघींच्या सांगण्यात फरक एवढाच, की आपांच्या मते हौसाबाई लगेच तयार झाल्या आणि हौसाबाईंच्या मते त्यांनी आपांना दुपारपर्यंत बसवून ठेवलं.

नियम पाहुण्यांनाही होता. एकदा परिसरातले एक वजनदार पुढारी कारखाना बघायला आले. बरोबर दहा-बारा माणसं, गळ्यात हार, मनगटावर लाल दोरे, दोन्ही हातांत मिळून पाच अंगठ्या. गाडेकर साहेब त्यांना घेऊन आत निघाले तेव्हा आपा दारात उभ्या होत्या. हातात तबक.

"हार हिथं ठेवा साहेब. अंगठ्या पन."

पुढाऱ्यांनी हार काढला. पिवळ्या खड्याच्या अंगठीपाशी ते थांबले. "ही नाही निघत. पुखराज आहे. गुरुजींनी सांगितलंय, बोटातून काढायचा नाही."

"खडा सैल हाय," आपा म्हणाल्या. "हलतोय. गरात पडला तर खानाऱ्याचं नशीब उघडंल, पन दात जाईल."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. गाडेकर साहेबांनी आपांकडे डोळे वटारले. आपांनी तबक तसंच धरून ठेवलं. पुढारी बाहेरच थांबले, काचेतून कारखाना बघितला, चहा घेतला आणि गेले. जाताना त्यांनी विचारलं, ही बाई कोण? साहेब काहीतरी पुटपुटले. त्या महिन्यात आपांना एक लेखी समज मिळाली. ती मीच टाइप केली होती. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि डिटेक्टरच्या कांड्या ठेवण्याच्या डब्यात तळाला अंथरली. "कांड्या वाजत न्हाईत आता," म्हणाल्या.

गाडेकर साहेब वाईट माणूस नव्हते, हे नोंदवायला हवं. माल वेळेत गेला पाहिजे ही त्यांची जबाबदारी होती आणि ते ती मन लावून पार पाडत.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, संध्याकाळी नेहमीप्रमाणे रांग लागली होती. हौसाबाईंची सून सोनाली दिवाळीनंतर कामाला लागली होती. लग्नानंतरची तिची पहिली संक्रांत. आपांनी तिचा डावा हात बांगड्या भरायला हातात घेतला आणि सोडला नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला एक ताजा ओरखडा होता.

"हे कधी लागलं?"

"सकाळी. भाजी चिरताना, इळी लागली."

"इळी सरळ कापती, पोरी. ह्यो वाकडा हाय, आनि दोनदा लागलाय. मी चाळीस वर्सं हात बघितल्यात. फुटली ना?"

सोनाली सासूकडे बघू लागली. मग तिने कमरेला खोचलेला रुमाल काढला. आत हिरव्या काचेचे चार तुकडे होते.

पुढे जे कळलं ते असं. पहिल्या संक्रांतीला नव्या नवरीचा चुडा सगळाच उतरू नये, एक तरी बांगडी हातात राहू दे, असं हौसाबाईंनी सुनेला सांगितलं होतं. सोनाली निळी बाही घरूनच चढवून आली. आपांनी मनगटावरच्या बांगड्या उतरवल्या. बाहीखाली, कोपराकडे सरकवून बसवलेली एक तशीच आत गेली. सकाळच्या चहानंतर ती खाली घसरली आणि पट्ट्याच्या कडेवर आपटली. बांगडी फुटणं अशुभ, आणि त्यात पहिल्या संक्रांतीच्या तोंडावर. तिने दिसले तेवढे तुकडे उचलले आणि कुणाला सांगितलं नाही.

आपांनी टेबलावर ओला काळा फडका अंथरला. सोनालीच्याच चुड्यातली एक सबंध बांगडी मापाला ठेवली आणि शेजारी तुकडे जुळवायला घेतले. रांग तशीच उभी होती. चारही तुकडे बसले. वर्तुळात एका ठिकाणी जागा राहिली. साधारण तांदळाच्या दाण्याएवढी.

"पेपरवाले," त्या मला म्हणाल्या, "लिहा. चूक पहिली, जैबुन मणियार. बाही उतरवून बघितली न्हाई. मग बाकीचं लिहा."

चहानंतर भरलेली सगळी पिंपं त्यांनी बाजूला काढायला लावली आणि त्यांच्यावर लाल चिठ्ठ्या लावल्या. हा अधिकार त्यांना होता. लाल चिठ्ठी लागलेलं पिंप त्यांच्या सहीशिवाय जागचं हलवायचं नाही, असं आमच्याच रेकॉर्डमध्ये लिहिलेलं होतं. तो माल मुलांच्या खाण्यात जाणारा होता आणि ट्रक दुसऱ्या दिवशी दुपारी लागणार होता.

गाडेकर साहेबांचं म्हणणं असं, की गर बारीक जाळीतून गाळला जातो, तांदळाएवढा तुकडा जाळीवरच अडकणार. आपांचं म्हणणं असं, की जाळीच्या आधी फळ यंत्राच्या पात्यांखाली चिरडतं, काच तिथे दळली तर जाळीतून जाईल. दोघांचंही बरोबर असणं शक्य होतं. चोथ्यात शोधल्याशिवाय ठरवता येत नव्हतं.

संक्रांतीला सकाळी कारखान्याला सुट्टी होती. तरी अकरा बायका आल्या. कुणी बोलावल्या हे मला माहीत नाही. सणाच्या साड्या खोचून त्या मागच्या आवारात चोथ्याच्या ढिगाभोवती बसल्या आणि सालं, बिया पाण्याच्या घमेल्यात सोडून, चाळणीने निथळून, काळ्या फडक्यावर पसरून बघू लागल्या. सोनाली सगळ्यात पुढे होती. हौसाबाई तिच्यापासून लांब बसल्या होत्या आणि कुणाशीच बोलत नव्हत्या. बाराच्या सुमारास एकीला हिरवं काहीतरी चमकताना दिसलं.

आपांनी ते चिमट्याने उचलून वर्तुळात ठेवलं. बसलं. पण एका बाजूचं टोक तुटलेलं होतं. फट अजून होती. मोहरीएवढी.

दीड वाजता साहेबांच्या खोलीत चौघंजण होतो: साहेब, आपा, मी, आणि साक्षीला बोलावलेल्या हौसाबाई. बाहेर ट्रक लागला होता.

"सापडला ना तुकडा? विषय संपला," साहेब म्हणाले. "लिहा हो, सर्व तुकडे मिळाले, वर्तुळ पूर्ण."

मी लिहिलं. हेही इथे नोंदवणं भाग आहे. वीस वर्षं बातमीत शब्द तपासून लिहिलेला माणूस मी, आणि ते वाक्य मी स्वच्छ अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहिलं. कागद आपांसमोर सरकवला. त्यांनी वाचला. सातवीपर्यंत त्या मराठी शाळेत शिकल्या होत्या आणि वाचताना ओठ हलवत.

"पूर्ण न्हाई," त्या म्हणाल्या.

"आपा, मोहरीएवढा कण. इतक्या पिंपांत कुठे शोधणार?"

"न्हाई सापडनार. म्हनून तर जाऊ द्यायची न्हाईत."

"काही होणार नाही हो त्यानं."

"मग मोहरीएवढी काच मी कुटून आनते, साहेब. तुमच्या नातवाच्या वाटीत घाला. माझ्यासमोर चारा. लगीच सही करते."

साहेबांनी बाहेरच्या ट्रककडे बघितलं. मग त्यांनी कागद उचलला आणि हौसाबाईंसमोर ठेवला. आपा रजेवर असल्या की फाटक हौसाबाई बघत, त्यांची सही चालत असे. "हौसाबाई, तुम्ही करा. सुनेचा प्रश्न आहे. हा कागद झाला तर तिच्यावर कुठलीच कारवाई नाही. नाही झाला तर मला तिला काढावंच लागेल."

हौसाबाईंनी कागद वाचला नाही. त्यांना वाचता येत होतं. "बांगडी ठेव म्हनून मीच सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या. "काढायचं तर मला काढा. आन आपाची सही न्हाई तिथं माझी कशाला मागता?"

"मग सुनेलाच काढतो."

आपा खुर्चीवरून उठल्या. त्या साहेबांसमोर कधी बसत नसत, त्या दिवशी गुडघ्यामुळे बसल्या होत्या. "काढा. पन आधी माझं ऐका. आज तिनं रुमाल सोडून दाखवला. तिला काढलं तर उद्यापासून कोनीबी दाखवनार न्हाई. बांगड्या तरीबी फुटतील. तुमचं यंत्र काय करंल? त्याला काच दिसत न्हाई."

मी लिहिलेला कागद त्यांनी उचलला, दुमडून मला परत दिला आणि म्हणाल्या, "दुसरा लिहा. खरा."

मी दुसरा लिहिला. त्यावर दोघींनी सह्या केल्या. ट्रक रिकामा गेला. चार दिवसांनी ती पिंपं मागच्या खड्ड्यात ओतली. मी तिथे होतो. पांढरा गर जमिनीवर पसरत गेला आणि आपा काठावर उभ्या राहून शेवटचं पिंप रिकामं होईपर्यंत बघत राहिल्या. त्या खूश दिसत नव्हत्या. पेरू वाया गेलेला त्यांना सहन होत नसे.

सोनालीची नोकरी राहिली. आपांची राहिली, पण फाटक गेलं. त्यांना मागच्या आवारात क्रेट धुण्यावर पाठवलं. फाटकावर एक रखवालदार बसवला, बांगड्यांसाठी त्याच्याजवळ प्लॅस्टिकचा डबा दिला.

पहिल्या सकाळी बायकांची रांग फाटकाशी आली, डब्याकडे बघितलं आणि भिंतीला वळसा घालून मागे गेली. आपा नळाखाली क्रेट घासत होत्या. हौसाबाईंनी हात पुढे केला.

"हिथं खुंट्या न्हाईत," आपा म्हणाल्या.

"क्रेटावर ठेव. घटकाभराचा तर प्रश्न हाय."

काम चाळीस मिनिटं उशिरा सुरू झालं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. रखवालदाराच्या डब्यात आठवडाभर एकही बांगडी पडली नाही. आठव्या दिवशी सुताराने भिंतीवरची फळी काढली आणि मागच्या आवारात नेऊन ठोकली. साहेबांनी तसं सांगितलं होतं का, हे मला कळलं नाही. लेखी काही नव्हतं. पुढे कामगारांचं फाटकच तिकडून झालं. आपांच्या जागी क्रेटवर दुसरा माणूस आला, आणि आपांची बदली मागे घेतल्याचा कागद मात्र कधीच निघाला नाही. माझ्या माहितीप्रमाणे त्या रेकॉर्डमध्ये अजूनही क्रेट धुतात.

नव्या जागी पहिल्या खुंटीखाली त्यांनी नाव लिहू दिलं नाही. तिच्यावर ती हिरवी बांगडी दोऱ्याने बांधून, पुठ्ठ्याला टाचून लावली. पाच तुकडे आणि एक फट. नवीन बाई कामाला आली की आपा तिला आधी त्या खुंटीपाशी नेत आणि फटीवर बोट ठेवत. "ही अजून बाहेर हाय," एवढंच सांगत.

मी नंतर पुन्हा वर्तमानपत्रात गेलो. गेल्या हंगामात पेरूच्या भावाची बातमी करायला राहात्याच्या बाजारात गेलो होतो. परतताना पाचच्या सुमाराला कारखान्यावरून आलो. मागच्या फाटकाबाहेर आपा खुर्चीवर बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. एका बाजूला सोनाली आतल्या खुंट्यांवरून बांगड्या आणून देत होती, समोर बायकांची रांग. रस्त्यावर एसटी उभी होती आणि कंडक्टर दारातून हाका मारत होता.

आपांनी एका मुलीच्या हातात बांगडी चढवली. चढताना ती तडकली. तुकडे खालच्या मातीत पडले. फाटकाबाहेर, कामाची वेळ संपल्यावर. आत पट्टा धुऊन झाला होता, यंत्रं बंद होती.

आपांनी मुलीचा हात सोडला. सोनालीने न सांगता काळा फडका जमिनीवर अंथरला. आपा गुडघ्यावर हात टेकत खुर्चीवरून खाली उतरल्या आणि मातीतून एक-एक तुकडा उचलून फडक्यावर लावू लागल्या. दोन, तीन. एक चपलेखाली गेला होता, तो रांगेतल्या हौसाबाईंनी काढून दिला. एसटीने भोंगा दिला. रांगेतली एकही बाई हलली नाही.

शेवटचा तुकडा बसला तेव्हा आपांनी वर्तुळावरून बोट फिरवलं, पूर्ण, सुरुवातीपासून पुन्हा सुरुवातीपर्यंत. एसटीने दुसऱ्यांदा भोंगा दिला. आपा खुर्चीला धरून उठल्या, बसल्या, आणि हात पुढे केला.

"हां," त्या म्हणाल्या. "कोन हाय पुढं?"